पायांचे आयुष्य, कराराचे आयुष्य आणि क्लबचे आयुष्य : पुण्याच्या फुटबॉलमधील एक न खेळलेला हंगाम

३ ऑक्टोबर २०१६. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत एफसी पुणे सिटी आणि मुंबई सिटी आमनेसामने आले. इंडियन सुपर लीगच्या तिसऱ्या हंगामातील पुण्याचा हा पहिला सामना मुंबईने १-० असा जिंकला. निकालापेक्षा त्या दिवसाची गैरहजेरी अधिक अर्थपूर्ण होती. ऑगस्टमध्ये ज्याला संघाचा ‘मार्की’ खेळाडू म्हणून करारबद्ध केले होते, तो आइसलंडचा आयडुर गुड्जॉनसन मैदानावर नव्हता. पुढेही तो कधी आला नाही. पुण्याच्या इतिहासात त्याच्या नावापुढे एक करार आहे आणि शून्य सामने आहेत.

हा करार मूर्खपणाचा होता, असे म्हणणे सोपे आहे. अडतिशीच्या उंबरठ्यावरचा, दोनदा हाड मोडलेला आघाडीपटू घ्यावा कशाला? परंतु हा निर्णय समजून घ्यायचा तर तो ज्या चौकटीत घेतला गेला, ती चौकट आधी पाहावी लागते. तेव्हा लक्षात येते की प्रश्न एका खेळाडूच्या पायांपुरता नव्हता. दुखापत बरी होण्यासाठी जो काळ लागतो, तो काळ कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न होता.

आधी माणूस. गुड्जॉनसनचा जन्म १५ सप्टेंबर १९७८ चा, रेक्याविकचा. सोळाव्या वर्षाच्या आसपास तो हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोवनमध्ये दाखल झाला. तेथे त्याच्यासोबत ब्राझीलचा रोनाल्डो होता, हे सांगितले की या मुलाकडून काय अपेक्षा होत्या ते वेगळे सांगावे लागत नाही. २४ एप्रिल १९९६ रोजी टालिन येथे एस्टोनियाविरुद्ध आइसलंडचा सामना होता. त्यात आर्नोर गुड्जॉनसन बाहेर आला आणि त्याच्या जागी सतरा वर्षांचा आयडुर आत गेला. आर्नोर हा त्याचा पिता. पित्याच्या जागी पुत्र, असा आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील हा विरळा प्रसंग. दोघांना घरच्या मैदानावर एकत्र उतरवायचे, असा बेत होता. तो कधीच तडीस गेला नाही, कारण त्यानंतर काही आठवड्यांतच युवा संघाकडून आयर्लंडविरुद्ध खेळताना मुलाचा घोटा मोडला.

त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षे वाया गेली. पीएसव्हीने वाट पाहिली नाही. १९९८ मध्ये तो मायदेशी केआर रेक्याविककडे परतला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या बोल्टन वॉंडरर्सने त्याला घेतले. बोल्टन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि त्याच्यापाशी गमावण्यासारखे फारसे नव्हते. दोन हंगामांनी, २००० साली, चेल्सीने त्याला सुमारे ४० लाख पौंडांना विकत घेतले. चेल्सीकडून २००५ आणि २००६ ची इंग्लिश विजेतेपदे, मग बार्सिलोना आणि २००९ ची तिहेरी विजेतेपदे. आइसलंडकडून २६ गोल. मोडक्या घोट्याचा सतरा वर्षांचा मुलगा ज्यांनी सोडला त्यांचा हिशेब चुकला आणि ज्यांनी उचलला त्यांचा जमला. फुटबॉलच्या बाजारात अशा गोष्टी वारंवार घडतात. म्हणूनच दुखापतग्रस्त पण गुणी खेळाडूंना गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. प्रत्येक व्यवस्थापकाला आपणच पुढचे बोल्टन आहोत असे वाटत असते.

बार्सिलोनानंतर मात्र उतार लागला. मोनॅको, टॉटनहॅम, स्टोक, फुलहॅम असा दोनच वर्षांत प्रवास झाला. २०११ मध्ये तो अथेन्सच्या एईकेकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑलिंपियाकोसविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्याच्या पायाची नडगीची दोन्ही हाडे मोडली. वय तेहतीस. बहुतेकांची कारकीर्द येथेच संपते. त्याची संपली नाही, पण कराराचे स्वरूप बदलले. बेल्जियममधील सर्कल ब्रुज, मग क्लब ब्रुज, पुन्हा बोल्टन, चीनमधील शिजियाझ्वांग, नॉर्वेतील मोल्डे. प्रत्येक ठिकाणी मुक्काम अल्प. या यादीकडे नीट पाहिले तर बाजाराने त्याच्या पायांवर लावलेली किंमत दिसते. क्लब त्याला नाकारत नव्हते. फक्त कोणी त्याला लांबची मुदत देत नव्हते.

२०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलंडने इंग्लंडला २-१ असे हरवून जगाला चकित केले आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. गुड्जॉनसन त्या संघात होता. दोन सामन्यांत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्सने आइसलंडला ५-२ हरवले आणि स्पर्धा संपली. ऑगस्टमध्ये पुण्याचा करार झाला. म्हणजे एफसी पुणे सिटीने अडगळीतून कोणी उचलून आणला नव्हता. महिन्याभरापूर्वी ज्या संघावर साऱ्या युरोपचे लक्ष होते, त्या संघातील सर्वांत प्रसिद्ध नाव त्यांनी घेतले होते.

आता चौकट. सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा लोकांना मैदानात खेचून आणणे ही तिची पहिली निकड होती. त्यासाठी ‘मार्की’ खेळाडूची योजना होती. युरोपात नाव कमावलेला एक खेळाडू प्रत्येक संघात असावा आणि त्याचे मानधन संघाच्या खर्चमर्यादेबाहेर धरावे, अशी ती तरतूद. पुण्याने २०१४ मध्ये फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आणला, २०१५ मध्ये रुमानियाचा आड्रियन मुटू. दोन्ही वर्षी संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. आधी सहावा, मग सातवा.

मुटूचे नाव आले आहे, तर एक अवांतर गोष्ट सांगून पुढे जाणे योग्य. कराराचा इतिहास शिकणाऱ्याने ज्याचा खटला वाचलाच पाहिजे, असा हा खेळाडू पुण्याकडून खेळला आहे. २००४ मध्ये कोकेन सेवनावरून चेल्सीने त्याला बडतर्फ केले आणि भरपाई मागितली. फिफाच्या तंटा निवारण मंडळाने २००८ मध्ये मुटूने चेल्सीला १ कोटी ७० लाख युरोंहून अधिक रक्कम द्यावी असा निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी क्रीडा लवादाने तो कायम केला. करार मोडल्याची किंमत खेळाडूलाही मोजावी लागते, हे त्या खटल्याने दाखवले. त्यात आणि दुखापतीत मात्र मूलभूत भेद आहे. फिफाच्या व्यवस्थेत दुखापत हा करार रद्द करण्याचा न्याय्य आधार मानला जात नाही. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाला तरच करार लागू, अशी अट घालायलाही मनाई आहे. तपासणी हवी तर ती सहीपूर्वी करावी; सही झाल्यावर पाय कसाही असो, तो क्लबचा. कराराची कमाल मुदत पाच वर्षे. किमान मुदत हंगामाच्या अखेरपर्यंत.

या शेवटच्या वाक्यात पुण्याची खरी गोम दडलेली आहे. हंगामाच्या अखेरपर्यंत म्हणजे किती?

इंग्लंडमध्ये याचे उत्तर नऊ-दहा महिने असे आहे. २०१६ च्या सुपर लीगमध्ये ते ११ आठवडे होते. १ ऑक्टोबरला आरंभ, १८ डिसेंबरला अंतिम सामना, साखळीत प्रत्येक संघाचे १४ सामने. एखाद्या स्नायूला सहा आठवड्यांची विश्रांती लागली तर इंग्लंडमधील क्लबचा सहावा-सातवा हिस्सा हंगाम जातो, पुण्याचा निम्म्याहून अधिक. तीन महिन्यांची दुखापत इंग्लंडमध्ये ‘ख्रिसमसनंतर परत येईल’ या सदरात मोडते; बालेवाडीत तिचा अर्थ ‘आलाच नाही’ असा होतो.

गंमत अशी की हाच आखूड हंगाम अशा खेळाडूंना भारताकडे खेचत होता आणि क्लबांनाही भुरळ घालत होता. खेळाडूला वाटे, दहा महिने शरीर साथ देणार नाही, पण अडीच महिने देईल. क्लबला वाटे, दीर्घ मुदतीचे ओझे नाही, बिघडले तर डिसेंबरात सुटका. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर होते आणि दोन्ही एकाच गृहीतकावर उभे होते : त्या अडीच महिन्यांत काही होणार नाही. सप्टेंबरमध्ये, लीग सुरू होण्यापूर्वीच, गुड्जॉनसनला दुखापत झाली आणि तो संपूर्ण हंगामातून बाहेर पडला.

क्लबने चटकन बदली आणली. मालीचा मोहमद सिसोको, पूर्वाश्रमीचा लिव्हरपूल आणि युव्हेंटसचा मध्यरक्षक. दुखापतीमुळे गेलेल्याच्या जागी जो आला, त्याची कारकीर्दही एका दुखापतीने संपता संपता वाचली होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बेन्फिकाविरुद्ध चेहऱ्यावर लाथ बसून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जाण्याची भीती निर्माण झाली होती. तो त्याच हंगामात मैदानावर परतला. पुण्यात सिसोको इमानाने खेळला, पण आघाडीपटूची जागा मध्यरक्षकाने भरली की संघाची घडी बदलते. प्रशिक्षक अंतोनियो हबास यांनी २०१४ मध्ये कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिले होते; पुण्यात त्यांचा संघ आठांत सहावा आला. गुड्जॉनसनने पुढल्या वर्षी निवृत्ती जाहीर केली.

खेळाडूचे शरीर मोडले तर त्याचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. जुन्या पिढ्यांनी त्याला वेगळे उत्तर शोधले होते आणि ते उत्तर म्हणजे नोकरी. मुंबईच्या फुटबॉलमध्ये टाटा, रेल्वे, एअर इंडिया, बँका, महिंद्र यांचे संघ होते. तेथे खेळाडू हा आधी कर्मचारी असे. गुडघा गेला तर संघातील जागा जाई, हजेरीपटावरचे नाव राहत असे. हेलसिंकीचे कांस्यपदक विजेते खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न हुकले, तरी नोकरी होती आणि ते सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत गेले. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने खेळाडूला मानधन तुटपुंजे दिले आणि खेळाला दुय्यम ठेवले. पण दुखापतीचा काळ सोसण्याची ताकद तिच्यात होती, कारण कंपनी, रेल्वे किंवा पोलीस खाते पुढच्या वर्षीही असणार याविषयी कोणाला शंका नव्हती.

व्यावसायिक क्लबने ती हमी काढून घेतली आणि तिच्या जागी करार ठेवला. भारतीय खेळाडूंच्या बाबतीत तर २०१४ नंतर काही काळ हा करारही दुभंगलेला होता. ऑक्टोबर ते डिसेंबर सुपर लीग, जानेवारीपासून आय-लीग. तोच खेळाडू शरद ऋतूत एका संघाचा आणि शिशिरात दुसऱ्याचा. अनेक भारतीय खेळाडूंना तर सुरुवातीला क्लबऐवजी लीगच्या प्रवर्तक कंपनीनेच करारबद्ध केले होते. डिसेंबरातील अवघडलेली मांडी जानेवारीत कोणाची जबाबदारी, या प्रश्नाचे सोपे उत्तर त्या रचनेत नव्हते. ज्याला उद्या हा खेळाडू लागणार नाही, तो त्याला आज विश्रांती देईल ही अपेक्षाच चुकीची.

पुण्यात याच वर्षी, याच क्लबने, दुसऱ्या एका दुखापतग्रस्त खेळाडूबाबत वेगळा निर्णय घेतला. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही, कारण तेव्हा तो कोणी ‘मार्की’ नव्हता.

आशिक कुरुनियन केरळच्या मलप्पुरमचा. जन्म १९९७. तो पुणे एफसीच्या अकादमीत घडला. पुणे एफसी हा वेगळा क्लब. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापलेला. २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तो तिसरा आला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. २०१५ मध्ये तो गुंडाळला गेला, तेव्हा त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली आणि अकादमीतील मुलेही तिच्यासोबत आली. २०१६ च्या शरदात, गुड्जॉनसन ज्या हंगामात खेळू शकला नाही त्याच हंगामात, आशिकला स्पेनच्या व्हिलारियालच्या ‘क’ संघाकडे उसना पाठवण्यात आले. तेथे दुखापतीने खोडा घातला आणि तो लवकर परतला.

येथे क्लबपुढे दोन वाटा होत्या. एकोणीस वर्षांचा, नाव नसलेला, परदेशातून जखमी होऊन आलेला मुलगा. अशांना शांतपणे सोडून देण्याची पद्धत सर्वत्र आहे. पीएसव्हीने दोन दशकांपूर्वी एका आइसलंडरला तसेच सोडले होते. पुण्याने आशिकला राखून ठेवले. २०१७-१८ चा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा लांबला होता, मार्कीची सक्ती उठली होती. क्लबनेही धोरण बदलून मार्सेलिन्हो, एमिलियानो अल्फारो असे भारतात आधीच तावूनसुलाखून निघालेले परदेशी खेळाडू घेतले. त्यांच्या बाजूला डाव्या कडेने पळणारा आशिक होता. पुणे चौथे आले आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. बालेवाडीत बंगळूरूशी ०-० बरोबरी झाली; परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल करून ३-१ असा निकाल लावला. क्लबच्या पाच वर्षांतील हीच सर्वोत्तम कामगिरी. जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ हरवले, तेव्हा आशिक छेत्रीसोबत पहिल्या अकरांत होता.

दोन निर्णय शेजारी ठेवले की फरक उघड होतो. एका ठिकाणी क्लबने भूतकाळ विकत घेतला आणि त्याला अकरा आठवड्यांची मुदत दिली. दुसऱ्या ठिकाणी भविष्याला वेळ दिला. आशिकचा पाय गुड्जॉनसनच्या पायाहून भरवशाचा होता असे मुळीच नव्हे. त्याच्याबाबतीत घाई नव्हती, एवढेच. तरीही या वाट पाहण्याचे पूर्ण फळ पुण्याला मिळाले नाही, आणि त्याचे कारण कोणाच्या घोट्यात किंवा गुडघ्यात शोधून सापडणार नाही.

कारण क्लबच संपला. २०१८-१९ मध्ये पुणे सातवे आले. क्लबच्या मालकीत अभिनेता हृतिक रोशनसोबत वाधवान कुटुंबाचा समूह होता. त्या कुटुंबाची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल जून २०१९ मध्ये देणी चुकवू लागली. ऑगस्टमध्ये सुपर लीगमधील पुण्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबकडे गेली. त्यापूर्वीच आशिक चार वर्षांच्या करारावर बंगळूरूला गेला होता. मार्सेलिन्हो, आदिल खान आणि इतर अनेकजण हैदराबादला गेले.

पुण्याचा हा काही पहिला अंत्यविधी नव्हता. २०१५ मध्ये पुणे एफसी गेला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये अवघा एक हंगाम खेळून, तळाला राहून, बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. पाच वर्षांत एका शहराने चार व्यावसायिक क्लब गमावले. फिफाच्या नियमानुसार खेळाडूशी पाच वर्षांचा करार करता येतो. या काळात पुण्यात त्या कराराला पुरून उरेल असा क्लब शोधणे कठीण होते. सही करताना तपासणी होई ती खेळाडूच्या गुडघ्याची, घोट्याची, मांडीच्या स्नायूची. समोर बसलेल्या पक्षाची तपासणी करण्याची सोय खेळाडूला नव्हती.

२० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर हैदराबादने पेनल्टी शूटआउटमध्ये केरळ ब्लास्टर्सला हरवून सुपर लीग जिंकली. पुण्याकडून खेळलेले आशिष राय आणि निखिल पुजारी त्या विजेत्या संघात होते. बालेवाडीत त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले. मैदान उत्तम स्थितीत होते. त्यावर खेळायला सुपर लीगमधील घरचा संघ तेवढा नव्हता.

त्याच उन्हाळ्यात आशिकने एटीके मोहन बागानशी पाच वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२३ मध्ये थायलंडमधील किंग्ज कपमध्ये भारताकडून खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि संपूर्ण हंगाम गेला. कराराची तेव्हा जवळजवळ चार वर्षे शिल्लक होती. क्लब जागेवर होता. १८८९ पासून आहे. त्याने वाट पाहिली, आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागानने लीग शील्ड व चषक दोन्ही जिंकले, तेव्हा आशिक संघात परतलेला होता.